जनमत कौल व संसद : वसई आणि गोवे

जनमत कौल : एखाद्या प्रदेशाच्या राजकीय भवितव्यासंबंधी तेथील मतदारांची इच्छा प्रतिनिधींमार्फत न अजमावता प्रत्यक्ष मतदानाने अजमावण्याची पद्धती. मराठीत ‘सार्वमत’ हा शब्दही याच अर्थी रूढ आहे. तथापि १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात झालेल्या मतदानास ‘जनमत कौल’ हेच नाव पडले आणि तेच टिकले. ‘कौल’ हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ वचन असा आहे. मराठेशाहीत रयतेस अथवा शरण आलेल्यांस सरकारातून मिळणाऱ्या अभयपत्रास कौलनामा म्हणत. कोकणात व गोमंतकात देवाच्या मूर्तीस कळ्या वा पाकळ्या लावून त्याची आज्ञा विचारण्यासही कौल घेणे असे म्हणतात. पहिल्या अर्थी सत्ताधीश वचन देतो, दुसऱ्या अर्थी विचारणारा मिळेल ते उत्तर शिरोधार्य मानतो. गोव्याच्या मतदानात या दोन्ही अर्थांचा संबंध आला. तेथील जनतेत फूट पाडणाऱ्या प्रश्नावर संसदेने कायदा करून मत विचारले. जे उत्तर आले ते हरलेल्या पक्षानेही मानले. आणि त्या उत्तराचा पुढील अर्थ लावण्याचे काम पुन्हा संसदेकडेच आले.

सरहद्दी ठरविण्याच्या तीन रीती : उत्तर कोकण आणि गोवे यांचा इतिहास एकेकाळी एकच होता. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांस दिली, तेव्हापासून दोनशेहून अधिक वर्षे वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर विभागाचे मुख्य ठाणे होते आणि त्यावर गोव्याहून देखरेख होत असे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला. तहाच्या अटींनुसार पोर्तुगीज शिबंदीस मानाने बाहेर पडू देण्यात आले व मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांस धर्माचरणाची मुभा मिळाली. वसईचे भवितव्य अशा रीतीने तलवारीने ठरले. गोव्याचे ठरण्यास पुढे आणखी २२२ वर्षे लागली.

या दोनशे बावीस वर्षांच्या अंतराचा परिणाम १९६७ च्या कौलाचा विचार करताना लक्षात घ्यावा लागतो. वसई परिसरातील ख्रिस्ती समाज सामवेदी (कादोडी), वाडवळी यांसारख्या बोली बोलत राहिला. त्याचे शिक्षण, पत्रव्यवहार आणि बऱ्याच अंशी उपासना मराठीत होऊ लागली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तेव्हा वसई महाराष्ट्रात असावी की नाही हा प्रश्नच उद्भवला नाही. पुढे २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांच्याकडे आले, ही त्याच वाटचालीची परिणती होय. त्यामुळे गोव्यातील विलीनीकरणविरोधाचे मूळ केवळ धर्मात शोधणे अपुरे ठरते. पोर्तुगीज अंमल, त्याखालील जमीनव्यवस्था, पोर्तुगीज कायदा व शाळा, आणि परमुलखात गेलेल्या गोमंतकीयांचे जग यांतून घडलेली वेगळेपणाची भावना वसईस १७३९ नंतर लाभली नाही. गोव्यास ती १९६१ पर्यंत लाभत राहिली.

दुसरी रीत संसदीय कायद्याची. मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० या कायद्याने जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडील उंबरगाव तालुक्यातील अनेक गावे गुजरातेत गेली. तेथील रहिवाशांचे मतदान झाले नाही आणि राज्यघटनेनुसार ते घेण्याची आवश्यकताही नव्हती. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे नवे राज्य बनविणे, राज्याचे क्षेत्र वाढविणे वा घटविणे आणि सीमा बदलणे हे अधिकार साध्या कायद्याने संसदेस वापरता येतात. संबंधित राज्याच्या विधानमंडळाचे मत राष्ट्रपतींनी मागवावे लागते. ते मानण्याचे बंधन संसदेवर नाही. मतदारांचे मत मागविण्याची तर कोठेच तरतूद नाही. उंबरगावची गावे याच रीतीने गेली. गोव्यापुरती मात्र तिसरी, म्हणजे प्रत्यक्ष मतदानाची रीत अवलंबिण्यात आली. राज्यघटना अंमलात आल्यानंतर एखाद्या प्रदेशाने शेजारच्या राज्यात जावे की जाऊ नये, एवढाच प्रश्न संसदेच्या कायद्याने मतदारांपुढे ठेवल्याचे उदाहरण म्हणजे गोवे, दमण व दीव येथील हा कौल होय.

कौलाची पार्श्वभूमी : १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवे मुक्त झाले व राज्यघटनेच्या बाराव्या दुरुस्तीने गोवे, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश बनला. गोव्याचे वेगळेपण काही काळ राखले जाईल, असे आश्वासन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी दिले होते. ९ डिसेंबर १९६३ रोजी विधानसभेची पहिली निवडणूक झाली. ती मुख्यतः दोन स्थानिक पक्षांत लढली गेली : महाराष्ट्रात विलीनीकरण मागणारा, दयानंद बांदोडकर यांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, आणि गोव्याचे स्वतंत्र अस्तित्व मागणारा, डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्ष. तीस जागांपैकी पहिल्या पक्षाच्या बाजूस मित्रांसह सोळा व दुसऱ्यास बारा जागा मिळाल्या. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. बांदोडकर मुख्यमंत्री झाले.

विलीनीकरणवाद्यांच्या मते निवडणुकीचा हा निकाल म्हणजेच जनतेचा कौल होता. विलीनीकरणाची मागणी करणारा पक्ष बहुमताने निवडून आला, १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला आणि महाराष्ट्र विधानमंडळानेही त्यास अनुकूल ठराव केला, तेव्हा आणखी काय विचारावयाचे उरले, असा त्यांचा प्रश्न होता. विरोधकांचे उत्तर असे की, निवडणुकीत मतदार अनेक गोष्टींचा विचार करून मत देतो. बांदोडकरांच्या पक्षामागे उभ्या राहिलेल्या बहुजन समाजाला विलीनीकरणाइतकीच, किंबहुना अधिक, ओढ कुळांच्या हक्कांची, गावोगावच्या मराठी शाळांची आणि पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेल्या प्रतिष्ठेची होती. पक्षास दिलेले मत हे प्रदेशाचे नाव पुसण्यास दिलेले मत मानता येणार नाही. दोन्ही युक्तिवादांत तथ्य होते. प्रातिनिधिक लोकशाहीत विधानसभेचा ठराव हाच लोकांचा आवाज असतो, हे पहिले म्हणणे तत्त्वतः खरे. पण सोळा विरुद्ध बारा अशा बळावर परत न फिरवता येणारा निर्णय घेणे शहाणपणाचे नाही, हे दुसरे म्हणणे व्यवहारतः अधिक खरे होते. गोवा काँग्रेसचे अध्यक्ष पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत जनमत कौलाचा आग्रह धरला. इंदिरा गांधींच्या कारकीर्दीत केंद्र सरकारने तो मान्य केला.

याच सुमारास, ऑक्टोबर १९६६ मध्ये, महाराष्ट्र-म्हैसूर सीमाप्रश्नासाठी न्या. मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमण्यात आला. बेळगाव, कारवार, निपाणी येथील मराठी भाषकांच्या भवितव्यासाठी एकसदस्य आयोग आणि गोव्यासाठी मतदान, अशा दोन भिन्न वाटा दिल्लीने एकाच हंगामात निवडल्या. आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला; महाराष्ट्राने तो फेटाळला आणि तो प्रश्न २००४ मध्ये महाराष्ट्राने दाखल केलेल्या दाव्याने सर्वोच्च न्यायालयात गेला. गोव्याचा प्रश्न मात्र कौलाने मिटला. या भिन्नतेचे सर्व श्रेय मतदानपद्धतीस देता येत नाही, कारण सीमाभागात दोन राज्यांचे हितसंबंध थेट आमनेसामने होते. तरीही ज्यांचे भवितव्य ठरावयाचे त्यांना विचारले गेले नाही, ही सीमाभागातील तक्रार कायम राहिली, हे नाकारता येत नाही.

संसदेने ठरविलेला प्रश्न : गोवे, दमण व दीव (जनमत कौल) विधेयक लोकसभेने १ डिसेंबर १९६६ रोजी व राज्यसभेने ७ डिसेंबर रोजी संमत केले, १६ डिसेंबर रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. मंत्रिमंडळ अधिकारावर असताना निःपक्षपाती मतदान होणार नाही, या विरोधकांच्या आक्षेपावरून बांदोडकर मंत्रिमंडळाने डिसेंबरच्या प्रारंभी राजीनामा दिला आणि प्रदेशात राष्ट्रपती राजवट आली. सत्तेवर असलेल्या पक्षाने आपल्या जिव्हाळ्याच्या प्रश्नावरील मतदानापूर्वी सत्ता सोडावी, हे भारतीय राजकारणात विरळाच घडते. पुढे निकालाबद्दल पराभूत पक्षास शासनयंत्रणेकडे बोट दाखविता आले नाही, तसेच विजयी पक्षासही आपण यंत्रणेशी झुंजून जिंकलो असे म्हणता आले नाही, याचे एक कारण या राजीनाम्यात आहे.

मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते. महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी ‘फूल’ आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून राहण्यासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे देण्यात आली. दमण व दीव येथील मतदारांपुढे गुजरातेत विलीनीकरण अथवा केंद्रशासित प्रदेश असा पर्याय होता. तिसरा, म्हणजे स्वतंत्र घटक राज्याचा पर्याय कोणापुढेच ठेवला गेला नाही, जरी विलीनीकरणविरोधकांचे खरे उद्दिष्ट तेच होते. मत कोणी द्यावे हाही वादाचा विषय होता. मुंबई व इतरत्र स्थायिक झालेल्या गोमंतकीयांस मताधिकार मिळावा, अशी विरोधकांची मागणी होती. ती मान्य झाली नाही आणि गोव्यातील मतदारयादीत ज्यांची नावे होती त्यांनाच मत देता आले. प्रश्न कोणता, उत्तरे किती आणि उत्तर देणारे कोण, या तिन्ही बाबी अशा रीतीने मतदानापूर्वी कायद्याने निश्चित झाल्या होत्या. जनमत कौलात जनता निर्णय देते हे खरे असले, तरी कशावर निर्णय द्यावयाचा हे आधी विधिमंडळच ठरविते. गोव्याच्या बाबतीत संसदेची पहिली व कदाचित सर्वांत मोठी भूमिका हीच होती.

कौलानंतर संसदेने काय करावे, हे मात्र मोकळे राहिले. तिसऱ्या अनुच्छेदाखालील अधिकार मतदारांकडे सोपविता येत नाही. एका संसदेचा साधा कायदा पुढच्या संसदेस बांधूही शकत नाही. ‘फूल’ विजयी झाले असते, तर विलीनीकरणाचे वेगळे विधेयक आणावे लागले असते, त्यावर महाराष्ट्र विधानमंडळाचे मत मागवावे लागले असते आणि शेवटी मतदान खासदारांनीच केले असते. यात एक चमत्कारिक बाब अशी की, ऑगस्ट १९६६ मध्ये झालेल्या राज्यघटनेच्या अठराव्या दुरुस्तीने तिसऱ्या अनुच्छेदातील ‘राज्य’ या शब्दात केंद्रशासित प्रदेशांचा समावेश केला, परंतु विधानमंडळाचे मत मागविण्याच्या परंतुकातून त्यांना वगळले. म्हणजे ज्या गोव्याचे भवितव्य ठरावयाचे त्याच्या विधानसभेस विचारण्याचे घटनात्मक बंधन उरले नव्हते. असे असताना त्याच वर्षी गोव्याच्या प्रत्येक मतदारास विचारण्याचा कायदा झाला. संसदेस विचारणे भाग नव्हते, तरीही तिने विचारले. कायद्याचे बंधन नसता दिलेल्या अशा शब्दाचे मोल नैतिक असते आणि तो मोडणे त्यामुळेच अवघड जाते.

प्रचार व निकाल : प्रचाराचा काळ अल्प पण तीव्र होता. महाराष्ट्रातून आचार्य अत्रे यांच्यासारखे फर्डे वक्ते विलीनीकरणाच्या प्रचारात उतरले. भाषा व संस्कृती एक, मग राज्यही एक, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. कुळांना त्यात आणखी एक आशा दिसत होती : जुन्या मुंबई राज्यात १९४८ च्या कुळकायद्याने व १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळांस जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग खुला केला होता. ठाणे जिल्ह्यातील कुळाला जे मिळाले ते डिचोलीच्या कुळाला का मिळू नये, हा प्रश्न भाटकार व मुंडकार यांच्या गोव्यात स्फोटक होता. विरोधकांनी नोकऱ्या बाहेरच्यांकडे जातील, महाराष्ट्रातील दारूबंदीमुळे ताडी-माडीवर जगणाऱ्यांचे हाल होतील, गोवे हा दूरच्या मुंबईवर विसंबलेला एक जिल्हा होऊन बसेल, अशी भीती मांडली. त्यांच्या प्रचारातील सर्वांत प्रभावी साधनांपैकी एक होते मडगावचे राष्ट्रमत हे दैनिक. ते मराठी भाषेत निघत असे, आणि त्यातील ‘ब्रह्मास्त्र’ या सदरातून उदय भेंब्रे यांनी महाराष्ट्रात विलीन होऊ नये हे मराठी वाचकांस मराठीतूनच पटवून दिले. रवींद्र केळेकर, मनोहरराय सरदेसाय यांसारखे कोंकणी साहित्यिक आणि उल्हास बुयांव यांच्यासारखे गायक गावोगाव फिरले.

मतदान शांततेत पार पडले. गोव्यातील ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे सुमारे ८२ टक्क्यांनी, मतदान केले. ‘दोन पानां’स १,७२,१९१ (५४.२ टक्के) व ‘फुला’स १,३८,१७० (४३.५ टक्के) मते पडली, उरलेली बाद झाली. केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूचे मताधिक्य ३४,०२१ होते. दमण व दीव यांनीही गुजरातेत जाण्यास नकार दिला. गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या त्या वेळी दोन-पंचमांशांहून कमी होती, तेव्हा हिंदू मतदारांच्या लक्षणीय भागाने विलीनीकरणाविरुद्ध मत दिल्याखेरीज हा निकाल लागणे शक्य नव्हते. तरीही फूट स्पष्ट होती. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडे या नव्या काबिजादीतील तालुक्यांचा कल विलीनीकरणाकडे होता, तर जुन्या काबिजादीतील सासष्टीने विरोधात भरभरून मते दिली. अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे आलेला मुलूख आणि सोळाव्या शतकापासून त्यांच्याकडे असलेला मुलूख यांमधील जुनी सीमारेषाच जणू मतमोजणीत पुन्हा उमटली.

स्वतंत्र भारतातील इतर सार्वमतांशी तुलना केली असता या निकालाचे वेगळेपण कळते. जुनागढमध्ये १९४८ साली १,९०,८७० मते भारताच्या बाजूने व अवघी ९१ पाकिस्तानच्या बाजूने पडली. चंद्रनगरमध्ये १९४९ साली हे प्रमाण ७,४७३ विरुद्ध ११४ आणि सिक्कीममध्ये १९७५ साली ५९,६३७ विरुद्ध १,४९६ असे होते. अशा एकतर्फी निकालांचा आदर करणे कोणासच अवघड नसते. तेथे मतदानाने आधीच ठरलेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब होते. गोव्यात मात्र दर शंभर मतदात्यांमागे त्रेचाळीस जण हरले होते, चार तालुके हरले होते आणि प्रदेशातील सर्वांत मोठा पक्ष हरला होता.

निकालानंतर : मार्च १९६७ मध्ये, म्हणजे कौलानंतर अडीच महिन्यांच्या आत, विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरणाच्या प्रश्नावर पराभूत झालेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सोळा जागा घेऊन पुन्हा बहुमतात आला. युनायटेड गोवन्स पक्षास पूर्वीप्रमाणेच बारा जागा मिळाल्या. ५ एप्रिल रोजी बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्यानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांनी १९७९ पर्यंत कारभार पाहिला. अर्थात ज्या मागणीसाठी पक्ष जन्मला ती लोकांनी नाकारल्यानंतरही लोकांनी त्या पक्षास आणखी बारा वर्षे राज्य करू दिले. पक्षाचे नावही तेच राहिले.

या दोन निकालांत विसंगती पाहणाऱ्यांना कौलाचे मर्म कळले नाही, असे म्हणावे लागते. गोव्याच्या मतदाराने जानेवारीत एका प्रश्नाचे उत्तर दिले व मार्चमध्ये दुसऱ्या. आपल्याला कोणत्या राज्यात राहावयाचे आहे हे एक, आपल्यावर कोणी राज्य करावे हे दुसरे. १९६३ च्या निवडणुकीत हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतले होते आणि त्यामुळेच तिच्यातून निघालेला विधानसभेचा ठराव वादग्रस्त ठरला. कौलाने ते सोडविले. विलीनीकरणाचा प्रश्न बाजूला पडल्यामुळे बहुजन समाजाची मागणी अधिक निखळ स्वरूपात विधानसभेत मांडली गेली आणि शाळा, कूळहक्क, आरोग्य यांवर शासनास काम करता आले. बांदोडकरांनीही विधानसभेतील बहुमताच्या बळावर कौल उलथविण्याचा मार्ग स्वीकारला नाही. महाराष्ट्रातही, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची धग अजून ताजी असताना, हा निकाल झिडकारण्याचे आंदोलन उभे राहिले नाही. बेळगावसाठी रस्त्यावर उतरणारा महाराष्ट्र गोव्याच्या बाबतीत गप्प राहिला, याचे श्रेय मतपेटीस द्यावे लागते.

संसदेने लावलेला अर्थ : कौलाचे शब्दशः उत्तर ‘केंद्रशासित प्रदेश’ असे होते. ते जसेच्या तसे ठेवावयाचे, तर संसदेस काहीच करावयाचे नव्हते, आणि वीस वर्षे तिने काही केलेही नाही. परंतु केंद्रशासित प्रदेशाच्या विधानसभेचे अधिकार मर्यादित असतात. अनेक बाबतींत अंतिम शब्द केंद्राचा असतो. ‘दोन पानां’वर शिक्का मारणाऱ्यांनी दिल्लीच्या देखरेखीस मत दिले होते की गोव्याच्या वेगळेपणास, हा प्रश्न त्यामुळे पुढे आलाच. १९८७ च्या मे महिन्यात संसदेने राज्यघटनेची छप्पन्नावी दुरुस्ती व गोवे, दमण व दीव पुनर्रचना अधिनियम संमत केला आणि ३० मे १९८७ रोजी गोवे भारताचे पंचविसावे राज्य झाले. त्यासाठी दुसरा कौल घेण्यात आला नाही. शब्दांकडे पाहिले तर हा १९६७ च्या निकालात बदल होता. आशयाकडे पाहिले तर त्याची पूर्ती. कौलाने संसदेच्या वाटेवर एक दार बंद केले होते, ते विलीनीकरणाचे. बाकीची दारे उघडीच होती. मतपत्रिकेवर जे विचारलेच नव्हते त्याचे उत्तर मतदारांनी दिले असे मानून संसदेस कायमचे जखडणे जितके चुकीचे, तितकेच जे स्पष्टपणे नाकारले होते ते मागील दाराने आणणेही चुकीचे ठरले असते. संसदेने हे दुसरे केले नाही.

भाषेच्या बाबतीत निकालाचा अर्थ लावणे अधिक कठीण गेले. कौल हा कोंकणीच्या बाजूने व मराठीच्या विरुद्ध होता, असे एका पक्षाने मानले. मतपत्रिकेवर भाषेचा उल्लेखही नव्हता, असे दुसऱ्याने दाखवून दिले. दुसरे म्हणणे बिनतोड आहे, तथापि कोंकणी ही मराठीची बोली असल्याच्या युक्तिवादावर विलीनीकरणाची मागणी उभी राहिली असल्याने त्या मागणीच्या पराभवाचे पडसाद भाषावादात उमटणे अटळ होते. साहित्य अकादेमीने १९७५ मध्ये कोंकणीस स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. राजभाषेच्या आंदोलनात १९८६ मध्ये हिंसाचार होऊन काही जणांचे प्राण गेले. फेब्रुवारी १९८७ मध्ये गोव्याच्या विधानसभेने केलेल्या कायद्याने देवनागरीतील कोंकणी ही राजभाषा ठरली व शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही सोय ठेवण्यात आली. १९९२ मध्ये संसदेने एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीने कोंकणीचा आठव्या अनुसूचीत समावेश केला. कौलाने अनिर्णित ठेवलेले हे प्रश्न दोन्ही विधिमंडळांस पुढे एकेक करून सोडवावे लागले. रोमी लिपीत कोंकणी लिहिणाऱ्यांचे समाधान त्यांतूनही झाले नाही.

दमण व दीव यांची कथा वेगळी आहे. गोवे राज्य झाल्यावर ते स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश म्हणून उरले. २०१९ च्या कायद्याने संसदेने त्यांस दादरा व नगरहवेलीशी जोडले आणि २६ जानेवारी २०२० पासून त्यांचा एकच प्रदेश झाला. १९६७ मध्ये दिलेले ‘गुजरात नको’ हे उत्तर या कायद्याने मोडले नाही. नव्या जोडणीविषयी मात्र मतदारांस विचारण्यात आले नाही.

ब्रिटनमधील अनुभव : भिन्न परिस्थितीत याच प्रश्नाची दुसरी बाजू ब्रिटनमध्ये दिसली. यूरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे यावर तेथे २३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले. बाहेर पडण्याच्या बाजूने १,७४,१०,७४२ (५१.९ टक्के) व राहण्याच्या बाजूने १,६१,४१,२४१ (४८.१ टक्के) मते पडली. सार्वमताच्या २०१५ च्या कायद्याने निकालानंतर काय करावयाचे हे सांगितले नव्हते. सरकारने संसदेस वगळून बाहेर पडण्याची सूचना देण्याचे ठरविले. परंतु जानेवारी २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी संसदेचा कायदा आवश्यक असल्याचा निर्णय दिला. तो कायदा दोन महिन्यांत झाला. मग कोणत्या अटींवर बाहेर पडावे याविषयी मात्र एकमत होईना. २०१९ च्या पहिल्या तीन महिन्यांत हाउस ऑफ कॉमन्सने सरकारने केलेला करार तीनदा फेटाळला. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीनंतरच कोंडी फुटली व ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले.

गोव्यात ‘आहे ते राहू द्या’ हा पक्ष जिंकला, ब्रिटनमध्ये ‘आहे ते बदला’ हा. आहे ते राहण्याचा एकच प्रकार असतो, बदलाचे अनेक. त्यामुळे बदलाचा कौल मिळाला की तो कसा अंमलात आणावा यासाठी विधिमंडळास नव्याने बहुमत शोधावे लागते. गोव्यात ‘फूल’ जिंकले असते, तर कूळकायदा, नोकरभरती, दारूबंदी, पोर्तुगीज नागरी कायदा, विधानसभेचे भवितव्य अशा एकेका बाबीवर दिल्ली व मुंबईत असाच घोळ पडला असता, हे अशक्य नव्हते. शिवाय ब्रिटिश संसदेतील बहुसंख्य सदस्यांचे स्वतःचे मत संघात राहावे असेच होते. त्यांनी निकाल मानला, पण त्याचा अर्थ सर्वांनी सारखा लावला नाही. भारतीय संसदेपुढे अशी परीक्षा १९६७ मध्ये आली नाही.

वसई-विरार येथील प्रश्न : कौलाची सोय नसली म्हणजे लोकेच्छेचा वाद कोणत्या वाटेने जातो, याचे लहानसे उदाहरण वसईतच घडले. वसई, नालासोपारा, विरार व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालच्या अनेक ग्रामपंचायती एकत्र करून २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. हिरव्या पट्ट्यातील बागाईतदार गावांनी तिला विरोध केला. करवाढ, बांधकामे व पाण्याची ओढ यांनी गावपण जाईल, ही त्यामागील भीती होती. विरोधाची आंदोलने झाली, आणि २००९ च्या विधानसभा निवडणुकीत या आंदोलनाचे नेते विवेक पंडित वसईतून निवडून आले. त्या विजयास विरोधकांनी गावांचा कौल मानले, जसे गोव्यातील विलीनीकरणवाद्यांनी १९६३ च्या निवडणुकीस मानले होते. परंतु २०१० मध्ये महानगरपालिकेची निवडणूकही पार पडली आणि तिच्या निकालाचा अर्थ दुसऱ्या बाजूने आपल्या परीने लावला. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली. तिला आव्हान देण्यात आले व प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. या गावांचा प्रश्न त्यानंतर अनेक वर्षे सुनावण्या, हरकती व अधिसूचना यांच्या फेऱ्यांत राहिला. या अवधीत गावांतील मतदारांनी लोकसभेपासून महानगरपालिकेपर्यंत अनेकदा मतदान केले. महानगरपालिकेत राहावे की नाही, एवढाच प्रश्न असलेली मतपत्रिका मात्र त्यांच्या हाती आली नाही.